फौजदाराला सांगितलेलं एक वाक्य

माझे सासरे भिकाजी पिलणकर आयुष्यभर एकाच माणसावर जळत राहिले, आणि तो माणूस त्यांचा सख्खा चुलतभाऊ. हे मी सून म्हणून कुचकेपणानं सांगत नाही. यंदाच्या जानेवारीत त्यांनी स्वतःच मला सांगितलं, अगदी याच शब्दांत. "नम्रता, मी रावजीवर जळत आलोय गो. अगदी लहान असल्यापास्नं."

घरात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. आमचं घर भाट्याला, खाडीच्या तोंडाशी. पूर्वी या एकाच घरात दोन चुली होत्या, एक आप्पांच्या आईची आणि दुसरी त्यांच्या विधवा काकीची, यमुनाकाकींची. रावजीकाका हे काकींचं एकुलतं एक पोर. आप्पांपेक्षा सहा महिन्यांनी मोठे. आप्पा सातवीला शाळेतून उठले, रावजीकाका मॅट्रिक झाले आणि इंग्रजी बोलायला शिकले. आप्पा खाडी पोहून पलीकडे जाऊन परत यायचे तोवर रावजीकाका वाळूत बसून चार माणसांना गोष्ट सांगून हसवत असायचे. घरी आल्यावर कौतुक गोष्टीचं व्हायचं.

तेव्हा मुंबई-गोवा बोट चालायची. ती खाडीपलीकडे मांडवीच्या धक्क्याला लागत नसे. लांब खोल पाण्यात उभी राही, आणि उतारू आणायला पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, जात. दोघे भाऊ पडावावर होते. १९७३ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी बोटीवरून तीन गोरे उतरले, दोन पुरुष आणि एक मुलगी. निघाले होते गोव्याला, पण त्यातल्या एकाला कावीळ झाली होती आणि तो डेकवरच आडवा पडला होता. आप्पांनी त्याला पाठीवर घेऊन पडावात उतरवला आणि तसाच धक्क्यावर आणला. त्याच्याशी इंग्रजीत बोलले ते रावजीकाका. गावात अजून म्हणतात, रावजीनं हिप्पी वाचवलान.

काकींच्या वाडीत माडांखाली एक खोप रिकामी होती, तिथे ते राहिले. पालीच्या एका म्हाताऱ्यानं काविळीचं औषध दिलं. महिन्यात माणूस बरा झाला, पण गोव्याला कोणी गेलं नाही. मुलीचं नाव हाना. जर्मनीची. तिचे केस कमरेपर्यंत, पायात काही नाही, गळ्यात रुद्राक्ष. मासे विकायला जाणाऱ्या बाया तिला बघायला मुद्दाम वाट वाकडी करून यायच्या.

ते काय बोलतात हे रावजीकाका आप्पांना सांगायचे. नोकरी, लढाई, बापजाद्यांची इस्टेट, सगळं फुकट आहे. आपल्या देशात पोरांना लढाईवर धाडतात म्हणून आम्ही निघालो, असं त्यातला एक अमेरिकन म्हणे. काठमांडूला गांजाची सरकारमान्य दुकानं होती, ती त्याच वर्षी सरकारनं बंद केली, म्हणून हे खाली आले होते. आप्पांना त्यात नवल वाटलं ते एवढंच की यासाठी कुणी इतकं लांब येतं. महाशिवरात्रीला येणारा गोसावी देवळाच्या पायरीवर बसून चिलीम ओढायचा आणि गावातले जाणते लोक त्याला विस्तव नेऊन द्यायचे. त्याचं कोणालाच काही वाटत नसे.

"मला ते लोक आवडायचे," आप्पा म्हणाले. "मलाही वाटायचं, उठावं नि कुठंतरी निघावं. पण सांगणार कोणाला? मला त्यांची भाषा येत नव्हती, नि रावजी माझं सांगत नव्हता. तो आपलंच सांगत राहायचा."

एक दिवस आप्पांनीही चिलीम ओढून बघितली. असा ठसका लागला की जेवलेलं सगळं बाहेर आलं. हानानं त्यांचं डोकं धरलं, आपल्या कपड्यानं त्यांचं तोंड पुसलं. आप्पा म्हणाले, आयशीनंतर माझं तोंड कोणी पुसलं असेल तर तिनं. मग ते उठून माडांतून चालायला लागले आणि मागून हसण्याचा आवाज आला. हानाही हसत होती. दुसऱ्या दिवशी त्यांना खाडीत होडी दिसली. हाना वल्हं मारायला शिकत होती आणि रावजीकाका शिकवत होते.

"रावजीला वल्हं मारायला कोणी शिकवलान? मी!" हे सांगताना, पन्नास वर्षांनीसुद्धा, आप्पांचा आवाज चढला होता.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांत हिप्पींविरुद्ध रोज काहीतरी यायचं. आपली पोरं बिघडतायत, परदेशी लोक समुद्रकिनारे नासवतायत, सरकार झोपलंय का. मग सरकार जागं झालं. वरून हुकूम आला की किनाऱ्यावर राहणाऱ्या परक्या लोकांचे कागद तपासा, गांजा-चरस सापडला तर धरा. शिमगा तोंडावर आला होता तेव्हा एक नवीन फौजदार मांडवीला हाशिमच्या चहाच्या टपरीत येऊन बसला. टपरीत तेव्हा हाशिम, फौजदार आणि आप्पा, तिघंच.

फौजदारानं विचारलं, "ते भाट्याचे हिप्पी नुसतेच राहतात, की आणखी काही करतात?"

"राहतात," आप्पा म्हणाले.

"ओढतात म्हणे. माल कुठून येतो?"

समोर खाडीच्या तोंडाशी एक होडी चालली होती. त्यात कोण आहे ते आप्पांना लांबून कळत होतं. वल्ही पाण्यात वेडीवाकडी पडत होती आणि कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. आप्पा म्हणाले, "माझ्या चुलतभावाला विचारा. तोच आणून देतो."

एवढंच एक वाक्य. फौजदार चहा पिऊन निघून गेला. हाशिमनं आप्पांकडे बघितलं आणि कपबशी उचलली.

आप्पांना वाटलं होतं की रावजीला चार फटके बसतील, हिप्पी जातील आणि सगळं पूर्वीसारखं होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची जीप आली. खोपीत दोघे पुरुष सापडले, थोडा गांजाही सापडला. त्यांना पंधरा दिवस आत ठेवलं आणि मग देशाबाहेर काढलं. यमुनाकाकींना अंगणात उभं करून पोलिसांनी तासभर प्रश्न विचारले. काकी आयुष्यात पहिल्यांदाच परक्या पुरुषांसमोर रडल्या. रावजीकाका आणि हाना मात्र होडीत होते. त्यांनी जीप लांबून पाहिली आणि किनाऱ्याला आलेच नाहीत. दुपारी गोव्याकडून मुंबईला जाणारी बोट येऊन उभी राहिली तेव्हा ते होडीतूनच थेट बोटीवर चढले.

आप्पा त्या वेळी उतारू घेऊन पडावानं बोटीच्या कुशीला लागले होते. वर बघितलं तर कठड्याशी रावजी.

"भिक्या, आयेला सांग, आठ दिवसांत येतो!"

रावजीकाका आले पंधरा वर्षांनी.

मुंबईत वर्षभर ते कुठं कुठं राहिले, मग हानाशी रजिस्टर लग्न करून जर्मनीला गेले. आधी हॅम्बुर्गच्या गोदीत कामाला होते, पुढे शहराच्या बसवर ड्रायव्हर झाले. हाना सात वर्षांनी वेगळी झाली. आप्पांना हे कळलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं, आणि मग पुढच्या पत्रात बर्फात उभ्या असलेल्या रावजींचा फोटो आला. लांब कोट, हसरा चेहरा. "बायको गेली तरी हसतोय मेला," आप्पा म्हणाले होते म्हणे.

काकींना सांभाळलं ते आप्पांनी. बोट बंद झाली, पडाव गेले, आप्पा नारळ संशोधन केंद्रात कामाला लागले, लग्न झालं, माझे यजमान निलेश जन्मले. काकी आमच्याच चुलीवर जेवायला लागल्या. पस्तीस वर्षं त्यांची पेज, त्यांचं दुखणं, त्यांचे डोळ्यांचे थेंब, सगळं आप्पांनी पाहिलं. आणि त्यातली पंचवीसेक वर्षं काकी बाहेरच्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बर्फातला फोटो दाखवत राहिल्या. "माझा रावजी," म्हणायच्या. रावजीकाका पाच-सहा वर्षांनी एकदा आठवडाभर यायचे. ते यायचे म्हटल्यावर काकी घर सारवून घ्यायच्या, सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी करायला सांगायच्या. सोडे निवडायचं काम आप्पांचं. एका खेपेला रावजीकाकांनी आप्पांना मनगटी घड्याळ आणलं. आप्पांनी ते एकदाही घातलं नाही.

मनातून मात्र आप्पांकडे एक आधार होता. आपण बोललो ते कायद्याला धरून बोललो, हा तो आधार. ८५ साली दिल्लीनं अमली पदार्थांचा कडक कायदा केला तेव्हा त्यांनी ती बातमी दोनदा वाचून घेतली होती. म्हणजे मी चुकलो नाही, सरकारही तेच म्हणतंय. पुढे कुठे धाड पडली, कोणी सापडलं, की ते मान डोलवायचे.

दोन हजार चोवीसच्या श्रावणात माझ्या फोनवर रावजीकाकांचा फोटो आला. त्यांच्या घराच्या गॅलरीत तीन कुंड्या, कुंड्यांत हिरवीगार, नखरेल पानांची तीन झाडं, आणि शेजारी टोपी घालून बसलेले रावजीकाका. खाली लिहिलं होतं, "आमच्या सरकारनं एप्रिलपासून गांजाला परवानगी दिली. माणशी तीन झाडं. भिक्याला दाखव."

मी आप्पांना दाखवला. ते जेवत होते. त्यांनी फोन हातात घेतला, बराच वेळ बघितला, मग ताट सारलं आणि उठले. मला वाटलं आमटी बिघडली होती की काय.

"ज्याच्यापायी फौजदार आला, ते त्यानं कुंडीत लावलान!" ते पडवीत येरझाऱ्या घालत म्हणाले. "नि सरकार त्याला पाणी घाल म्हणतंय!"

तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आता कळतं. पन्नास वर्षं ज्या कायद्याला ते टेकून बसले होते, तो तिकडच्या लोकांनी अलगद काढून घेतला होता. मागं उरली ती फक्त होडीतल्या हसण्याची जळफळ.

जानेवारीत रावजीकाका आले. चौऱ्याहत्तरीला टेकलेले, काठीनं चालतात, पण जीभ तशीच. तीन दिवसांत माझी मुलगी संस्कृती त्यांच्याभोवती फिरायला लागली. ती आठवीत आहे. आप्पा तिला रोज शाळेच्या बसपर्यंत सोडतात. ती त्यांना म्हणाली, "आप्पा, तुम्ही नका येऊ, मी जर्मन आजोबांबरोबर जाते." आप्पा त्या दिवशी दुपारपर्यंत वाडीतच राहिले.

त्याच आठवड्यात शाळेत नशामुक्तीची चित्रस्पर्धा होती. संस्कृतीनं मोठा कागद रंगवला होता, गांजाच्या एका पानावर लाल फुली, खाली हातकडी. पडवीत तो वाळत होता. रावजीकाकांनी चष्मा लावून बघितला.

"पान चांगलं काढलंस. पण सात बोटं असतात, तू पाच काढलीस."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्या गॅलरीत आहे की!"

संस्कृतीचे डोळे मोठे झाले. "मग तुम्हाला पोलिसांनी पकडलं नाही?"

"तिथं नाही पकडत. मोठ्या माणसानं घरात लावलं तर चालतं. लहान मुलांनी मात्र हात लावायचा नाही. चांगलंही नाही ते तुमच्या वयाला." मग ते खुर्चीत मागे रेलले. "पण इथं मला पकडायला जीप आली होती हो! ऐक."

आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. कावीळ झालेला हिप्पी (त्यांच्या गोष्टीत तो त्यांच्याच पाठीवरून धक्क्यावर आला), होडी, जीप, बोटीवर चढणं. फार छान सांगितली. मी भाजी निवडत ऐकत होते आणि हसतही होते. आप्पा उंबऱ्यात बसून सोललेल्या नारळाच्या शेंड्या उगाच ओढत होते.

"पण पोलिसांना सांगितलं कोणी?" संस्कृतीनं विचारलं.

"दुसरा कोण? तो हाशिम चहावाला. फौजदार त्याच्याच टपरीत बसायचा. पुढे मी आलो तेव्हा समोर दिसला, तर मी त्याच्यासमोर थुंकलो. परत कधी त्याचा चहा प्यायलो नाही."

संस्कृती त्यांच्या खुर्चीजवळ सरकली. मग म्हणाली, "हाशिम म्हणजे मांडवीचे? माझ्या वर्गातल्या आफरीनचे आजोबा?"

"असतील."

"म्हणजे आफरीनच्या आजोबांनी चहाडी केली? मी तिला विचारू?"

"नको," आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"हाशिमनं काही सांगितलान नाही. मी सांगितलं. मी फौजदाराला म्हटलं, माझ्या भावाला विचारा, तोच आणून देतो. हाशिमनं ऐकलं होतं. मरेपर्यंत त्यानं ते कोणाला सांगितलान नाही, नि तू थुंकलास तेव्हा मी तिथंच होतो."

मी संस्कृतीला आत पाठवलं. रावजीकाका आधी हसले. त्यांना वाटलं आप्पा हाशिमची बाजू घेतायत. मग आप्पांचा चेहरा बघून हसणं थांबलं.

"का रे भिक्या?"

"तू होडीत होतास म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. ती हसत होती."

रावजीकाकांनी काठीची मूठ चोळली. मग म्हणाले, "म्हणजे मी गेलो तो तुझ्यामुळं. नाहीतर मी आज इथंच…" त्यांनी वाडीकडे हात केला. "तुझे उपकारच म्हणायचे."

आप्पा ताडकन उठले. "उपकार नको म्हणूस! शिव्या दे, मार, उपकार म्हणू नकोस!" आयुष्यातलं एकमेव दुष्ट काम केलं, तेही रावजीच्याच पथ्यावर पडलं, हे त्यांना सोसत नव्हतं.

रावजीकाकांनी शिव्या दिल्या नाहीत. बॅग भरली आणि शहरातल्या एका हॉटेलात राहायला गेले. दुसऱ्या दिवशी आफरीनच्या घरी जाऊन तिच्या वडिलांशी बोलले, हाशिमच्या कबरीवर जाऊन आले, हे आम्हाला संस्कृतीकडून कळलं. तिसऱ्या दिवशी निघण्याआधी ते आमच्याकडे आले. पायरीवरच उभे राहिले.

"एकच सांग. आयेला ठाऊक होतं?"

आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता सांगतील.

"तुला सगळं मिळालं," आप्पा म्हणाले. "काकीचे शेवटचे दिवस माझे आहेत. ते नाही देणार."

रावजीकाका गेले. त्यांच्या पाठीत तो उत्तर न मिळालेला प्रश्न दिसत होता. मला आप्पांचा राग आला आणि मी तसं बोलून दाखवलं. तेव्हा त्यांनी मला, सुरुवातीला लिहिलं ते, लहानपणापासूनचं सगळं सांगितलं. आणि काकींचंही.

काकी गेल्या २००९ साली, माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्याच्या थोडं आधी आप्पांनी त्यांच्या खाटेशी बसून सगळं कबूल केलं होतं.  नंतरचे आठ दिवस काकींनी आप्पांच्या हातचं पाणीही घेतलं नाही. मीच भरवायचे, आणि का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली, "भिकाजी, माझी नखं वाढलीत, काप." आप्पांनी हातांची कापली, पायांची कापली. त्यापुढे काकी आठवडाभर जगल्या आणि आप्पांच्याच हातनं जेवल्या. रावजीकाका बाराव्याला पोचले.

"आता हे त्यांना सांगायला हवं," मी म्हणाले.

"हवं," आप्पा म्हणाले. पण सांगायला त्यांना दोन महिने लागले. मार्चमधल्या एका सकाळी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. "ते बोलून पाठवायचं लाव." मी लावलं. त्यांनी सगळं सांगितलं, आठ दिवस, नखं, सगळं, अगदी सरकारी कामासारखं कोरड्या आवाजात. शेवटी म्हणाले, "झालं. पाठव."

संध्याकाळी रावजीकाकांचा आवाज आला. छोटासाच. "भिक्या, तुला तिनं आठ दिवस शिक्षा तरी केलीन. माझ्यासाठी घर सारवायची, मी काय पाहुणा होतो?" पुढे नुसता श्वास ऐकू येत होता, मग बंद.

आप्पांनी तो तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, खोटं कशाला सांगू. रावजीला आपलं काहीतरी हवं आहे, आणि ते त्याला कधीच मिळणार नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, तेही मी पाहिलं.

आता दर रविवारी फोन येतो. दोघे म्हातारे काकींविषयी बोलतात, भांडतातही. रावजीकाका म्हणतात, काकी सोड्यांत कोकम घालायच्या. आप्पा म्हणतात, कधीच नाही, तुला काय ठाऊक. या डिसेंबरात यायचं म्हणतायत ते. मी आप्पांना विचारलं, काकींची खोली झाडून ठेवू का त्यांच्यासाठी?

"येऊ दे की," आप्पा म्हणाले. "पण ती खोली नको. बाहेर झोपू दे पडवीत."